बिदरच्या सात दरवाजांतले कारकून

गेल्या हिवाळ्यात आमच्या शाळेची सहल बिदरचा किल्ला पाहावयास गेली होती. दरवाजाच्या सावलीत मुलांना बसवून मी त्यांना अफनासी निकितीन या रशियन प्रवाशाची हकिकत सांगत होतो. साडेपाचशे वर्षांपूर्वी हा व्यापारी रशियातील त्वेर नगरातून निघाला, चौलच्या बंदरात उतरला आणि जुन्नरवरून चालत याच बिदरात येऊन राहिला, एवढे सांगून होते न होते तोच सातवीतल्या एका मुलीने विचारले, "सर, पण त्याला व्हिसा कोणी दिला?" बाकीची मुले हसली. मला हसू आले नाही, कारण प्रश्न अगदी बरोबर होता आणि त्याचे उत्तर निकितीनने स्वतःच लिहून ठेवलेले आहे. त्या दिवशी वेळ नव्हता म्हणून जे सांगावयाचे राहिले, ते आज सांगतो.

पूर्वीचे जग मोकळे होते, ज्याने उठावे त्याने हवे तेथे जावे, असा आपला एक गोड समज असतो. तो अर्धाच खरा आहे. आज आपण ज्याला पारपत्र किंवा पासपोर्ट म्हणतो त्याची सक्ती पहिल्या महायुद्धाच्या धामधुमीत रूढ झाली, आणि हिंदुस्थानात शिरणाऱ्याजवळ पारपत्र असलेच पाहिजे असा कायदा १९२० साली झाला. तथापि परक्या मुलखात पाऊल टाकणाऱ्याला "तू कोण, कोणाचा, कशासाठी आलास?" हे प्रश्न त्यापूर्वीही विचारले जातच होते. फरक असा की, उत्तर म्हणून कागद पुढे करून त्या काळी भागत नसे.

निकितीन घरून निघाला तेव्हा त्याच्याजवळ कागद होते, हे येथे ध्यानात ठेवले पाहिजे. त्वेरचा राजा मिखाईल बोरिसोविच आणि तेथील धर्माध्यक्ष गेन्नादी या दोघांची पत्रे घेऊन तो व्होल्गा नदीतून खाली निघाला. निज्नी नोव्हगोरोदला तेथील सुभेदार आणि जकातदार यांनी त्याला अडथळा न करता पुढे सोडले, असे तो लिहितो. आपल्याकडे व्यापाऱ्यांना कौल देत असत, तसाच हा प्रकार. शिर्वानच्या राजाचा वकील हसन बेग मॉस्कोहून नव्वद ससाणे घेऊन परत चालला होता. त्याच्या संगतीने गेले म्हणजे वाट सुखरूप, असा या मंडळींचा हिशेब होता. परंतु अस्त्राखानजवळ तातारांनी नौका लुटल्या आणि हिशेब चुकला. माल गेला, पुस्तके गेली, आणि त्वेरच्या राजाच्या पत्राला किंमत देणारा मुलूखही मागे राहिला. कर्ज डोक्यावर घेऊन रिकाम्या हाताने घरी परतण्याची सोय नव्हती, म्हणून तो पुढे चालत राहिला. दरबंद, बाकू, मग इराणातील गावे एकामागून एक, आणि अखेरीस होर्मुझचे बंदर.

होर्मुझला त्याला कळले की, दख्खनच्या मुलखात घोड्याला फार मोल येते. आपल्याकडे चांगल्या घोड्यांची पैदास होत नसे; बहामनी सुलतानांचे घोडदळ अरबी आणि इराणी जनावरांवर पोसलेले होते. निकितीनने एक उमदा घोडा घेतला आणि तो गलबतात चढवला. त्या घोड्यापायी त्याला शंभर रूबल पडले, असे तो हळहळून नमूद करतो. माझ्या मते हा घोडा हाच त्याचा खरा परवाना होता. बंदरावर उतरणाऱ्या गोऱ्या, एकट्या, निर्धन माणसाचे कोणालाच काम नव्हते. घोड्याचे काम मात्र सर्वांना होते.

चौलला तो साधारण १४६९ साली उतरला असे पुष्कळ दिवस मानले जाई. अलीकडचे अभ्यासक ते वर्ष १४७१ धरतात. चौलमध्ये तो जाईल तेथे माणसांचा घोळका त्याच्या मागे लागे, गोरा माणूस पाहावयाला. बंदरावर त्याला कोणी अडवल्याचे तो लिहीत नाही. तेथून पाली, मग उमरी नावाचे गाव, आणि घाट चढून जुन्नर. खरी हरकत आली ती जुन्नरला.

जुन्नरचा अधिकारी असदखान हा बहामनींचा वजीर महमूद गवान याच्या हाताखालचा. हत्ती-घोडे पदरी असून तो माणसांच्या खांद्यावरून फिरे, असे निकितीनने टिपून ठेवले आहे. पावसाळ्याचे दोन महिने निकितीन जुन्नरला अडकून पडला. घोड्यांचा चारा म्हणजे हरभरे आणि साखर-तूप घातलेली खिचडी, ही माहिती तो याच दिवसांत लिहितो. माणसापेक्षा घोड्याचे ताट बरे होते, असे वाचताना वाटते! असो. एके दिवशी खानाला कळले की हा व्यापारी मुसलमान नाही, रशियन आहे. त्याने घोडा काढून घेतला आणि दोन गोष्टी पुढे ठेवल्या: आमच्या धर्मात ये, म्हणजे घोडाही परत देतो आणि वर हजार मोहरा देतो, न आलास तर घोडाही गेला आणि तुझ्या डोक्यावर हजार मोहरांचा दंड. विचारासाठी मुदत चार दिवसांची. निकितीनच्या पंचांगाप्रमाणे ती मुदत तारणाऱ्या प्रभूच्या सणाच्या दिवशी भरत होती.

हे चार दिवस त्याने कसे काढले याविषयी तो फारसे बोलत नाही. मी अनेकदा त्यांचा विचार केला आहे. परका मुलूख, भर पावसाळा, भाषा तोडकीमोडकी, जवळ एकही स्वधर्मीय नाही, आणि ज्या राजाचे पत्र घेऊन निघालो त्याचे नावही येथे कोणी ऐकलेले नाही. त्वेरचे ते राज्य पुढे १४८५ साली मॉस्कोने गिळले. पत्र देणारी सत्ताच उरली नाही.

सणाच्या आदल्या दिवशी खोजा महंमद नावाचा एक खुरासाणी गृहस्थ जुन्नरला आला. निकितीनने त्याच्या पायांवर लोळण घेतली आणि आपल्यासाठी शब्द टाकण्याची विनवणी केली. हा गृहस्थ खानाकडे गेला, बोलला, घोडा सोडवून घेऊन आला, आणि निकितीनवरचे धर्मांतराचे संकट टळले. खोजा महंमदाने नेमके काय सांगितले हे कोठेही नोंदलेले नाही. त्याने ना कागद दाखवला, ना शिक्का. तो स्वतः परदेशी होता, मुसलमान होता, आणि एका परधर्मीय अनोळखी माणसासाठी उभा राहिला. येथे आपल्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे पहिले उत्तर मिळते. निकितीनला व्हिसा दिला तो खोजा महंमदाने.

या प्रसंगानंतर निकितीनने आपल्या देशबांधवांसाठी लिहिलेला मजकूर कडवट आहे. हिंदुस्थानात जावयाचे असेल तर आपला धर्म रशियात ठेवून निघा, अशा अर्थाचा इशारा तो देतो. त्याची दुसरी तक्रार जकातीची आहे. मिरी आणि रंग येथे स्वस्त खरे, पण काहींना जकात माफ, आम्हाला मात्र ती भरल्याशिवाय माल नेऊ देणार नाहीत. जकात जबर आणि समुद्रावर चाचे फार. ही तक्रार वाचून मला माझ्या आजोबांची आठवण होते. निजामी अमलात आमचा बिदर जिल्हा हैदराबाद संस्थानात मोडे, आणि सोलापूर इंग्रजी मुलखात. सोलापूरहून लग्नाचे कापड आणताना करोडगिरीच्या नाक्यावर गाठोडे सोडावे लागे, आणि खिशातले इंग्रजी रुपये निराळे, हाली शिक्क्याचे निराळे. आजोबा म्हणत, "मला कोणी विचारले नाही, माझ्या गाठोड्याला विचारले." निकितीनचे दुर्दैव असे की, त्याला दोन्ही प्रश्न विचारले गेले.

मरियामातेच्या ऑगस्टमधील सणाला जुन्नर सोडून महिनाभर चालत तो बिदरला पोहोचला. येथे त्याने पाहिले ते आपल्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे. सुलतानाच्या वाड्याला सात दरवाजे. दरवाजांत शंभर पहारेकरी आणि शंभर हिंदू कारकून बसलेले. काही कारकून आत जाणाऱ्यांची नोंद करीत, काही बाहेर येणाऱ्यांची. परदेशी माणसाला मात्र आत सोडीत नसत. रात्री कोतवालाचे हजार लोक चिलखते घालून, घोड्यांवर बसून, मशाली घेऊन शहरावर गस्त घालीत. वाड्याचे सोनेरी नक्षीकाम पाहून निकितीन चकित झाला. पण माझे मन त्या कारकुनांपाशी रेंगाळते. त्यांतले कित्येक आपल्यासारखेच मराठी किंवा कानडी बोलणारे असावेत असे मला वाटते. मांडीवर वही, कानाला बोरू, आणि समोर येईल त्याचे नाव, गाव, काम. त्यांच्या वह्या आपल्या हाती आलेल्या नाहीत.

बिदरचे राज्य त्या काळी परदेशी लोकांनीच चालवले होते म्हटले तरी चालेल. महमूद गवान हा इराणातील गीलानचा. १४५३ च्या सुमारास व्यापारी म्हणून दाभोळच्या बंदरात उतरला आणि चढत चढत सबंध राज्याचा कारभारी झाला. निकितीन त्याला मलिक-तुजार म्हणजे व्यापाऱ्यांचा प्रमुख या पदवीनेच ओळखतो, आणि त्याच्या पंक्तीला रोज पाचशे माणसे जेवतात असे लिहितो. सरदार आणि शिपाई खुरासाणी, देशी माणसे अनवाणी पायी चालणारी, हेही त्याच्या नजरेतून सुटले नाही. अशा शहरात त्याने जे नाव लावले ते लक्षात घेण्याजोगे आहे: खोजा युसुफ खुरासाणी. हे नाव म्हणजे त्या बिदरात निम्मे पारपत्रच होते, असा माझा तर्क आहे.

मात्र याच बिदरात त्याने ते नाव एकदा बाजूला ठेवले. पुष्कळ हिंदूंशी त्याची ओळख झाली, आणि त्याने त्यांना सांगून टाकले की मी मुसलमान नाही, ख्रिस्ती आहे, माझे खरे नाव अफनासी. त्यानंतर या लोकांनी त्याच्यापासून काही लपवले नाही. खाणेपिणे, व्यापार, पूजाअर्चा, घरची बायकामाणसे, सारे मोकळे झाले. धर्माविषयी तो विचारी आणि ते सांगत. त्यांच्याबरोबर तो शिवरात्रीच्या यात्रेला श्रीशैल पर्वतावर जाऊन आला. तोंडदेखल्या नावाने तो शहरात शिरला होता, घरांत मात्र खऱ्या नावाने शिरला.

आमच्या कलबुर्गी जिल्ह्यातील आळंदची नोंदही त्याच्या लेखनात आहे. तेथील शेख अलाउद्दीनच्या उरुसाला वर्षातून एकदा दहा दिवसांचा बाजार भरे आणि वीस हजारांपर्यंत घोडे विकावयास येत. हिंदुस्थानात याहून चांगला बाजार नाही असे त्याचे मत. त्याच आळंदात रात्री ओरडत उडणाऱ्या एका पक्ष्याविषयी तो लिहितो की, हा ज्या घरावर बसेल तेथे माणूस मरतो. घुबडाविषयी हीच समजूत माझ्या वर्गातली मुले आजही सांगतात. त्याचा घोडा मात्र आळंदच्या बाजारात विकला गेला नाही. नाताळच्या सुमारास तो बिदरला विकला. वर्षभर खाऊ घातला आणि अडुसष्ट फुतून खर्च आला, ही नोंद. परवानाच विकून टाकला म्हणा ना!

नाताळ म्हटले, पण ते नाताळ नेमके कोणत्या दिवशी आले हे त्याला तरी कोठे खात्रीने ठाऊक होते? व्होल्गेवर पुस्तके लुटली गेल्यामुळे सणांची गणना करण्याचे साधन त्याच्याजवळ उरले नव्हते. उपवासाचा काळ कधी लागतो, ईस्टर कधी येते, बुधवार-शुक्रवार कोणते, हे त्याला कळेनासे झाले. मुसलमानांच्या बैराम सणाच्या नऊ-दहा दिवस आधी ईस्टर येत असावे, अशा खुणेने तो दिवस धरू लागला, आणि आजूबाजूचे लोक ज्या दिवसांत उपास करीत त्या दिवसांत त्यांच्याबरोबर उपास करू लागला. ज्यांच्या घरी पंचांग भिंतीवर टांगलेले असते, त्यांना या दुःखाची कल्पना येणार नाही. माझ्या लहानपणी आमच्या गावी पाद्री महिन्या-दोन महिन्यांनी येत. पुढचा सण केव्हा, हे आई त्यांना पुनःपुन्हा विचारून घेई. त्यामुळे निकितीनची ती पाने मला शांतपणे वाचवत नाहीत. त्याच्या अखेरच्या प्रार्थनांत अरबी, फारसी आणि तुर्की शब्द मिसळलेले आहेत, आणि त्यावरून त्याने मनाने धर्म बदलला की नाही, यावर विद्वानांनी पुष्कळ शाई खर्च केली आहे. जुन्नरच्या खानाने विचारलेला प्रश्न आपण त्याला पुन्हा विचारू नये, असे मला वाटते.

आता थोडे आजचे सांगतो. माझ्या बहिणीच्या परिचयाच्या एक वृद्ध जर्मन शिक्षिका दोन वर्षांपूर्वी बिदर पाहण्यास आल्या. भारताचा प्रवेश-अर्ज आता घरबसल्या संगणकावर भरता येतो; पर्यटकांसाठी ही सोय २०१४ साली सुरू झाली. तो अर्ज भरताना त्यांनी माझी मदत घेतली, म्हणून मी तो पहिल्यांदाच नीट वाचला. त्यात धर्माचा रकाना आहे. दंडाचे भय त्यामागे नाही, नोंदीपुरताच तो आहे. तरी तो पाहून मला जुन्नर आठवले. आणखी एक रकाना आहे: भारतातील ओळखीच्या माणसाचे नाव आणि पत्ता. तेथे त्यांनी माझे नाव घातले. एवढ्या यंत्रांच्या काळातही त्या कागदाला खोजा महंमद लागतोच!

बिदरला आल्यावर आम्ही एका लॉजवर गेलो. परदेशी पारपत्र पाहताच व्यवस्थापक म्हणाला, खोली रिकामी नाही. भिंतीवर किल्ल्या टांगलेल्या मला दिसत होत्या. परदेशी पाहुणा उतरला म्हणजे चोवीस तासांच्या आत त्याची माहिती सरकारकडे कळवावी लागते, त्याला तेव्हा सी फॉर्म म्हणत, आणि ती कटकट त्याला नको होती. मी रागावलो, त्या मात्र शांत होत्या. अखेर त्या माझ्या घरी राहिल्या. तेव्हा कळले की हा नियम घरमालकालाही लागू आहे. रात्री जेवणे झाल्यावर मीच संगणकापुढे बसून त्यांचे नाव, गाव, कोठून आल्या, कोठे जाणार, हे सारे भरले. १९२० चा तो जुना कायदा, १९३९ चा परकीय नागरिकांच्या नोंदणीचा आणि १९४६ चा परकीय नागरिकांविषयीचा, असे कायदे रद्द करून २०२५ साली एकच नवा कायदा लागू झाला आहे. पाहुण्यांची माहिती कळवण्याची जबाबदारी त्यातही कायम आहे. तक्रार करावी असे मला वाटत नाही. राज्य म्हटले की दरवाजा आला, आणि दरवाजात कारकून आला. फक्त त्या रात्री तो कारकून मी होतो.

कागद नेहमी तारतोच असेही नाही. महमूद गवानच्या शत्रूंनी त्याच्या शिक्का सांभाळणाऱ्याला फितवून कोऱ्या कागदावर शिक्का उमटवून घेतला, त्यावर ओरिसाच्या राजाला लिहिलेले फितुरीचे पत्र रचले आणि ते सुलतानाला दाखवले. सत्तरी उलटलेल्या त्या वजिराचा १४८१ साली शिरच्छेद झाला. शिक्का खरा होता, मजकूर खोटा. त्याचा मदरसा बिदरच्या भर वस्तीत आजही अर्धा उभा आहे.

निकितीनने परतीसाठी दाभोळ गाठले. होर्मुझपर्यंतच्या जागेसाठी दोन मोहरा मोजल्या. वाऱ्याने गलबत आधी हबशांच्या किनाऱ्याला नेले, मग होर्मुझ, मग इराण, आणि उझुन हसन या तुर्कमान राजाच्या छावणीतून काळ्या समुद्रावरील त्राबझोन. तेथील तुर्की अधिकाऱ्यांनी त्याचे सारे सामान गडावर नेऊन उलथेपालथे केले. शत्रूच्या छावणीतून आलेला माणूस, म्हणून ते पत्रे शोधीत होते. निघताना पत्रे जवळ होती म्हणून वाट मिळाली. परतताना पत्रे सापडती तर जीव गेला असता. पत्रे सापडली नाहीत, पण बारीकसारीक चीजवस्तू मात्र अधिकाऱ्यांनी लांबवली. प्रवासाच्या वह्या वाचल्या.

१९५७ साली ख्वाजा अहमद अब्बास आणि रशियन दिग्दर्शक वसिली प्रोनिन यांनी त्याच्यावर 'परदेसी' हा चित्रपट काढला, तेव्हा नर्गिसमुळे त्याचे नाव आपल्याकडे घरोघरी गेले. त्वेर नगरात त्याचा पुतळा आहे. स्वतः निकितीन मात्र त्वेरला पोहोचला नाही. स्मोलेन्स्कच्या अलीकडेच वाटेत वारला. त्याच्या वह्या व्यापाऱ्यांनी मॉस्कोला नेल्या, आणि १४७५ साली त्या वसिली मामिरेव नावाच्या राजाच्या कारकुनाच्या स्वाधीन केल्या.